ग्रेडवर एकमत : पॅथॉलॉजिस्टच्या नजरेचे शिक्षण



कर्करोगाचा रुग्ण उपचारांच्या काळात अनेक डॉक्टरांना भेटतो. सर्जन भेटतो, केमोथेरपी देणारा भेटतो, रेडिएशनवाला भेटतो. पॅथॉलॉजिस्ट मात्र सहसा भेटत नाही. फायलीतल्या ज्या कागदावर पुढचे सगळे उपचार ठरतात, त्या बायोप्सीच्या रिपोर्टवर सही असते ती त्याची. कर्करोग आहे का, असल्यास कोणत्या प्रकारचा आणि किती आक्रमक, ही तीन उत्तरे तो कागद देतो. यातले तिसरे उत्तर म्हणजे ग्रेड. आजचा विषय तेवढाच आहे. एकाच स्लाइडला दोन जाणते पॅथॉलॉजिस्ट वेगवेगळी ग्रेड देऊ शकतात. असे का होते, किती होते आणि ऑनलाइन प्रशिक्षणाने ते किती कमी करता येते, हे मला मांडायचे आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ग्रेड देणारी नजर शिकवून तयार होते, ती मोजून तपासता येते आणि ठरावीक काळाने इतरांच्या नजरेशी पुन्हा जुळवून घ्यावी लागते. हे करण्याची सोय आज आपल्या हाताशी आहे. तरीही ते न करणे हा रुग्णावर अन्याय आहे.

एक खुलासा आधी करतो, कारण ग्रेड आणि स्टेज यांत नेहमी गल्लत होते. स्टेज म्हणजे रोग शरीरात कुठवर पसरला ते. ग्रेड म्हणजे पेशी आणि त्यांची मांडणी मूळ निरोगी अवयवापासून किती बिघडली ते. स्टेजसाठी स्कॅन लागतात, ग्रेडसाठी सूक्ष्मदर्शक आणि माणसाचे डोळे लागतात. गाठ छोटी असूनही ग्रेड वरची असू शकते.

प्रोस्टेटच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात डोनाल्ड ग्लीसन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांनी १९६६ साली एक पद्धत मांडली. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डोकावण्याऐवजी त्यांनी कमी भिंगावर ग्रंथींची रचना पाहिली आणि तिचे १ ते ५ असे पाच नमुने ठरवले. एकाच गाठीत दोन-दोन नमुने शेजारी नांदतात हे त्यांनी ओळखले. म्हणून सर्वांत जास्त दिसणारा नमुना आणि त्याखालोखाल दिसणारा नमुना यांची बेरीज करायची, असे ठरले. ३ अधिक ३ म्हणजे ६, ३ अधिक ४ म्हणजे ७. साठ वर्षे होत आली, तरी जगभर याच पद्धतीच्या सुधारित रूपावर काम चालते. २००५ आणि २०१४ साली मूत्रमार्गाच्या रोगांवर काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिच्यात मोठे फेरबदल केले. आता रिपोर्टवर या बेरजेशेजारी १ ते ५ असा ग्रेड ग्रुपही लिहितात. ३ अधिक ४ हा ग्रुप २, तर ४ अधिक ३ हा ग्रुप ३. बेरीज दोन्हीकडे सातच, पण रोगाची वाटचाल वेगळी.

खरी अडचण ३ आणि ४ यांच्या सीमेवर येते. नमुना ३ मध्ये ग्रंथी लहान असतात, पण प्रत्येक सुटी असते. तिच्या मधोमध पोकळी दिसते, कडा पूर्ण दिसते. नमुना ४ मध्ये ग्रंथी एकमेकींत मिसळतात, चाळणीसारखी भोके पडलेले पेशींचे पुंजके होतात, किंवा ग्रंथी अर्धवट घडलेल्या असतात, पोकळी जेमतेम जाणवते. पुस्तकातल्या चित्रांत हा फरक स्पष्ट असतो. बायोप्सीचा तुकडा मात्र सुईच्या जाडीचा असतो आणि त्यातून चार मायक्रॉन जाडीचा काप घेतलेला असतो. नमुना ३ ची धडधाकट ग्रंथी कडेने तिरपी कापली गेली, तर तिची पोकळी कापात येतच नाही. पाहणाऱ्याला ती अर्धवट घडलेली, म्हणजे ४ वाटू शकते. मग प्रश्न पडतो, अशा किती ग्रंथी दिसल्यावर ४ म्हणायचे? एक? तीन? पुंजका? शेजारच्या कापांत काय दिसते ते पाहायचे का? पुस्तक इथे फार मदत करत नाही. जिथे शब्द अपुरे पडतात तिथे पॅथॉलॉजिस्ट आपापल्या गुरूंनी शिकवलेल्या सवयीने निर्णय घेतो, आणि गुरू वेगळे असतील तर सवयीही वेगळ्या. खुद्द ग्लीसन यांनीच लिहून ठेवले आहे की, त्याच बायोप्सी पुन्हा पाहिल्या तेव्हा त्यांचा स्वतःचा आकडा निम्म्याच वेळा तंतोतंत जुळला. एका अंकापर्यंतचा फरक चालवून घेतला, तर मात्र तो साधारण ८५ टक्के वेळा जुळला. पद्धत घडवणाऱ्या माणसाने हे प्रांजळपणे नोंदवले, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

एका अंकाने काय बिघडते, असे कोणी विचारील. खूप बिघडते. बेरीज ६ असेल, तर बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियाच लागत नाही. ठरावीक काळाने रक्तातला पीएसए तपासायचा, एमआरआय आणि लागल्यास पुन्हा बायोप्सी करायची आणि लक्ष ठेवायचे. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट या अभ्यासात १,६४३ पुरुषांची लक्ष ठेवणे, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली होती. पंधरा वर्षांनी तिन्ही गट मिळून प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावलेले ४५ जण होते, म्हणजे २.७ टक्के, आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा जाणे, लैंगिक क्षमता जाणे हे धोके मात्र खरेच असतात. दुसऱ्या टोकाला, बेरीज ८ किंवा त्यावर गेली की रेडिएशनबरोबर दीड ते तीन वर्षे हार्मोनविरोधी इंजेक्शने घ्यावी लागतात. मधल्या गटात ती चार ते सहा महिन्यांत थांबतात. त्या इंजेक्शनांनी हाडे ठिसूळ होतात, थकवा येतो, वजन वाढते. म्हणजे एका तिरप्या कापलेल्या ग्रंथीकडे पॅथॉलॉजिस्टने कसे पाहिले, त्यावर एखाद्या माणसाची दोन वर्षे कशी जाणार हे ठरते.

हा परिणाम एका रुग्णापुरताही राहत नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात १९९० ते १९९२ या काळात निदान झालेल्या १,८५८ पुरुषांच्या स्लाइड्स दहा-बारा वर्षांनी पुन्हा तपासल्या गेल्या. माणसे तीच होती आणि काचाही त्याच होत्या. जुन्या रिपोर्टांत ग्लीसन बेरजेची सरासरी ५.९५ होती, नव्या वाचनात ती ६.८ निघाली. मधल्या काळात पॅथॉलॉजिस्टांची मोजपट्टीच सरकली होती. मग अभ्यासकांनी प्रत्येक ग्रेडनिहाय मृत्युदर मांडला, आणि नव्या ग्रेडिंगनुसार तो २८ टक्क्यांनी घटलेला दिसला. एकाही माणसाचे आयुष्य वाढले नव्हते. काही रुग्ण खालच्या गटातून वरच्या गटात गेले, त्यामुळे दोन्ही गटांची सरासरी सुधारलेली दिसली. नवा उपचार जुन्यापेक्षा सरस ठरला असे एखादा अभ्यास सांगतो, तेव्हा दोन्ही काळांत ग्रेड एकाच मापाने दिली होती का, हे विचारायला हवे, ते यासाठी. २००५ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात शिकवला पाहिजे असे मला वाटते.

आता हा फरक मोजायचा कसा? दोघांचे मत शंभरातून किती वेळा जुळले, एवढे पाहून भागत नाही. समजा, दोन डॉक्टर स्लाइडकडे न पाहताच दर शंभरांतल्या नव्वदांवर 'ग्रेड २' आणि दहांवर 'ग्रेड ३' असे लिहीत सुटले. तरीही निव्वळ योगायोगाने ८२ स्लाइड्सवर त्यांचे उत्तर जुळेल. म्हणून योगायोगाचा वाटा वजा करून उरलेले एकमत मोजतात. त्या आकड्याला कॅपा म्हणतात. शून्य म्हणजे नुसता योगायोग, एक म्हणजे संपूर्ण एकमत. ०.४ ते ०.६ ला मध्यम म्हणायचे, ०.६ ते ०.८ ला चांगले, असा रूढ संकेत आहे. २००१ साली जॉर्जिया राज्यातल्या ४१ सर्वसाधारण पॅथॉलॉजिस्टांना प्रोस्टेटच्या ३८ बायोप्सी दाखवल्या, तेव्हा कॅपा ०.४३५ आला. चुकांचा कल कमी ग्रेड देण्याकडे होता.

स्तनाच्या बायोप्सीवरचा एक मोठा अमेरिकी अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ११५ पॅथॉलॉजिस्टांची मते तज्ज्ञांच्या एकमताशी ताडून पाहिली, तर एकूण ७५.३ टक्के वेळा ती जुळली. पसरणारा कर्करोग ओळखण्यात जुळणी ९६ टक्के होती. हा आकडा मी मुद्दाम सांगतो. 'कर्करोग आहे का' या प्रश्नावर पॅथॉलॉजिस्ट सहसा भांडत नाहीत, आणि माझे बोलणे ऐकून कोणी आपल्या रिपोर्टवरचा विश्वास गमावू नये. मतभेद मधल्या पायऱ्यांवर होतात. कर्करोग नाही पण पेशींत वावगी लक्षणे आहेत, अशा गटात त्याच अभ्यासात जुळणी ४८ टक्क्यांवर घसरली होती.

शिक्षक श्रोते इथे बरेच दिसतात. त्यांना मी दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांची आठवण देतो. मराठीच्या निबंधाला एक परीक्षक आठ देतो, दुसरा पाच. दोघेही प्रामाणिक असतात. म्हणून बोर्डाकडे नियामक असतात, त्यांच्या बैठका होतात, नमुन्याच्या उत्तरपत्रिका सगळे मिळून तपासतात आणि मगच गठ्ठे सुटतात. मुलाच्या गुणांसाठी आपण एवढी यंत्रणा उभी केली आहे. ग्रेडसाठी अशी बैठक कुठे होते? मोठ्या रुग्णालयात आठ-दहा जणांचा विभाग असेल, तर अनेक डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाभोवती रोजच होते. पण महाराष्ट्रातल्या किती तरी तालुक्यांच्या, जिल्ह्यांच्या ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट एकटाच बसतो. त्याच्याकडे दिवसभर रक्ताच्या तपासण्या असतात आणि अधूनमधून कर्करोगाची बायोप्सी येते. त्याची नजर कुठे सरकली, हे त्याला कळायला मार्गच नसतो. या एकट्या माणसासाठी ऑनलाइन प्रशिक्षण आहे.

याची सुरुवातही आजची नाही. २००० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सच्या पॅथॉलॉजिस्टांनी ग्लीसन ग्रेडिंग शिकवणारे मोफत संकेतस्थळ तयार करून त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी २० चित्रे द्यायची आणि ग्रेड विचारायची. मग समजावून सांगितलेली २४ चित्रे दाखवायची. शेवटी पुन्हा पहिलीच २०. जगभरातून सहाशेहून अधिक जणांनी ते पूर्ण केले आणि बहुतेक चित्रांच्या बाबतीत बरोबर उत्तरांचे प्रमाण लक्षणीय वाढले. पुढे अनेक देशांत याच साच्यावर काम झाले, तेव्हा मला या अभ्यासाचे मोल मोठे वाटते. पण त्याची मर्यादाही दिसते. लगोलग तीच चित्रे पुन्हा दाखवली, तर सुधारणेत आठवणीचा वाटा किती आणि समजुतीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. सहा महिन्यांनी, न पाहिलेल्या स्लाइड्सवर ती टिकते का, ही खरी कसोटी. शिवाय तिथे होती ती निवडलेल्या जागेची स्थिर चित्रे. खऱ्या कामात स्लाइडवर नेमके कुठे पाहायचे, हे आधी पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते, आणि बराचसा मतभेद तिथेच उपजतो.

ती उणीव संपूर्ण स्लाइडच्या स्कॅनिंगने भरून काढली. स्कॅनर काच ४० पट भिंगावर वाचतो, तेव्हा चित्राचा एक बिंदू सुमारे पाव मायक्रॉनचा असतो. पंधरा मिलिमीटर लांबी-रुंदीच्या तुकड्याचे साडेतीन अब्जांहून अधिक बिंदूंचे चित्र तयार होते. ते सबंध उतरवून घ्यावे लागत नाही. तुम्ही पाहता तेवढाच भाग इंटरनेटवरून येत राहतो, तुम्ही पुढे सरकता तसा पुढचा. पूर्वी गुणवत्ता-चाचणीसाठी काचा पोस्टाने फिरवाव्या लागत. मेणात बसवलेल्या एका तुकड्यातून, म्हणजे ब्लॉकमधून, पन्नास काप काढले, तरी पहिल्या आणि पन्नासाव्या कापात ग्रंथी तीच राहत नाही. सुईच्या बायोप्सीत तर कर्करोगाचा कण दोन-चार कापांनी नाहीसाच होतो. मग मतभेद झाला तो नजरेमुळे की कापामुळे, हे कसे सांगणार? स्कॅन केलेल्या स्लाइडवर नागपूरचा, स्टॉकहोमचा आणि बाल्टिमोरचा माणूस अक्षरशः तेच बिंदू पाहतो. माझ्या दृष्टीने या तंत्राने दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

स्तनाच्या कर्करोगाची ग्रेड नॉटिंगहॅम पद्धतीने देतात. एल्स्टन आणि एलिस यांनी ती १९९१ साली पक्की केली. तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण. गाठीत नळ्या किती शाबूत आहेत, केंद्रके किती बेढब आहेत आणि विभाजन पावणाऱ्या पेशी, म्हणजे मायटोसिस, किती आहेत. बेरीज ३ ते ५ असेल तर ग्रेड १, ६ किंवा ७ असेल तर ग्रेड २, ८ किंवा ९ असेल तर ग्रेड ३. समजा नळ्यांना ३ आणि केंद्रकांना २ गुण पडले. आता सगळे मायटोसिसवर अवलंबून. गाठीच्या कडेला, जिथे पेशी सर्वांत जोमाने वाढत आहेत तिथे, दहा दृश्यक्षेत्रांत मोजायचे. दृश्यक्षेत्राचा व्यास ०.५० मिलिमीटर असेल तर ८ ते १४ ला २ गुण, १५ झाले की ३. चौदा मोजले तर बेरीज ७, ग्रेड २. पंधरावे दिसले तर ८, ग्रेड ३. आणि हे पंधरावे मायटोसिस होते, की आक्रसून काळवंडलेले मरते केंद्रक? खऱ्या मायटोसिसमध्ये केंद्रकाभोवतीचे पटल गेलेले असते, गुणसूत्रांच्या पुंजक्याच्या कडा केसाळ, ओबडधोबड असतात. मरत्या पेशीत पुंजका गुळगुळीत असतो आणि भोवतालचा भाग गडद गुलाबी झालेला असतो. दोन्हींची पन्नास-पन्नास उदाहरणे शेजारी ठेवून, प्रत्येकावर उत्तर देऊन, लगेच कारणासह बरोबर-चूक कळले की नजर तयार होते. नुसते व्याख्यान ऐकून, माझे हे व्याख्यान धरून, ती होत नाही.

तरुण सहकाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. ०.६३ मिलिमीटर व्यासाच्या सूक्ष्मदर्शकावर हीच सीमा २२ आणि २३ च्या मध्ये येते. म्हणजे एका यंत्रावर पंधरा मायटोसिसना ३ गुण पडतील, दुसऱ्यावर २. आपल्या सूक्ष्मदर्शकाच्या दृश्यक्षेत्राचा व्यास किती, हे प्रत्येकाने एकदा मोजून भिंतीवर लिहून ठेवले पाहिजे.

या विषयावर सर्वांत चांगले राष्ट्रीय काम मी नेदरलँड्समध्ये पाहतो. तिथे देशभरातले पॅथॉलॉजीचे रिपोर्ट पाल्गा नावाच्या एका नोंदणीत जमा होतात. उट्रेख्तच्या संशोधकांनी २०१३ ते २०१६ या काळातल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ३३,०४३ रुग्णांचे रिपोर्ट तपासले. प्रयोगशाळा ३९ होत्या. देशभरात ग्रेड १ चे प्रमाण २८.१ टक्के होते. पण एका प्रयोगशाळेत ते १६.३ टक्के होते, तर दुसरीत ४३.३. ग्रेड ३ चेही तसेच, १५.५ पासून ३४.३ टक्क्यांपर्यंत. कुणाकडे वयस्क रुग्ण जास्त येतात, कुणाकडे मोठ्या गाठी, हे सगळे हिशोबात धरूनही फरक उरला. एकाच प्रयोगशाळेतल्या दोन पॅथॉलॉजिस्टांतही तो होता. छोट्या, सुव्यवस्थित, उत्तम आरोग्यसेवेच्या देशात रुग्णाला कोणती ग्रेड मिळणार, हे तो कोणत्या गावात राहतो यावर काही अंशी ठरत होते.

पुढे त्यांनी केले ते अधिक महत्त्वाचे. प्रत्येक प्रयोगशाळेला तिचा स्वतःचा अहवाल पाठवला: तुमच्याकडे ग्रेड १, २, ३ चे प्रमाण इतके, देशाचे इतके, इतर प्रयोगशाळांची नावे झाकलेली. कोणालाही जाब विचारला नाही, शिक्षा केली नाही. त्यानंतरच्या वर्षात प्रयोगशाळांमधला फरक घटू लागला. शिवाय स्तनाच्या कर्करोगाच्या आणि कर्करोगपूर्व अवस्थेच्या ग्रेडिंगसाठी ई-लर्निंगचा पाठ तयार करून तोही तपासला: आधी चाचणी, मग समजावणीसह सराव, मग चाचणी. मला ही जोडी फार योग्य वाटते. अहवाल आरसा दाखवतो, पाठ हात धरून शिकवतो. माझ्या नजरेचा कल कुठे आहे हे ज्याला कळले, तो शिकायला आपणहून बसतो. कल न दाखवता नुसता पाठ पुढे ठेवला, तर 'हे मला येतेच' असे म्हणून तो पुढे ढकलला जातो.

आता एक आक्षेप, आणि तो रास्त आहे. एकमत म्हणजे सत्य नव्हे. सगळे मिळून एकच चूक करू शकतात. तज्ज्ञांना प्रमाण मानायचे, तर तज्ज्ञांमध्ये तरी एकमत आहे का? मघाशी सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने संदर्भ चित्रांचा एक संग्रह केला आहे. जगभरातले वीसहून अधिक नामवंत प्रोस्टेट-तज्ज्ञ स्वतंत्रपणे ग्रेड देतात आणि दोन तृतीयांश मते जुळली, तरच ते चित्र प्रमाण म्हणून खुले करतात. जवळजवळ निम्म्या नमुन्यांत तेवढेही एकमत झाले नाही. मला हे निराशाजनक वाटत नाही. कुठे एकमत आहे आणि कुठे नाही, हे आता नकाशासारखे उघड झाले. जिथे एकमत आहे तिथे प्रत्येक पॅथॉलॉजिस्टने तिथपर्यंत पोहोचलेच पाहिजे. जिथे नाही तिथे रिपोर्टमध्ये तसे लिहावे, दुसरे मत घ्यावे, आणि रुग्णांचे पुढे काय झाले हे वर्षानुवर्षे पाहून व्याख्या दुरुस्त करावी. ग्लीसन यांची पद्धत टिकली ती त्यांनी ग्रेड रुग्णाच्या मृत्यूशी ताडून पाहिली म्हणून, आणि २०१४ साली चाळणीसारख्या सर्व ग्रंथींना ४ म्हणायचे ठरले तेही त्याच आधारावर.

संगणकाने ग्रेड दिली तर हा प्रश्नच मिटेल, असे हल्ली ऐकू येते. २०२० साली स्टॉकहोम आणि नायमेखन इथल्या संस्थांनी प्रोस्टेटच्या १०,६१६ बायोप्सींची चित्रे खुली करून स्पर्धा घेतली. हजाराहून अधिक संगणकतज्ज्ञ तिच्यात उतरले. त्यांचे उत्तम संगणक-प्रोग्रॅम आधी न पाहिलेल्या बायोप्सींवरही तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टांच्या तोडीचे ठरले. ही मोठी प्रगती आहे आणि मी तिचे स्वागत करतो. पण त्या संगणकाला ३ आणि ४ शिकवले कोणी? पॅथॉलॉजिस्टांनीच ग्रेड दिलेल्या स्लाइड्सनी. माणसांची मापे न जुळवता यंत्र शिकवले, तर तोच विस्कळीतपणा अधिक वेगाने पसरेल. शिवाय यंत्राच्या उत्तरावर सही करणाऱ्याला, ते उत्तर कधी नाकारायचे हे कळायला हवे.

एका ठिकाणी प्रशिक्षणाचा काही उपयोग होत नाही, तेही सांगायला हवे. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ ताबडतोब, आकाराच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये आणि मोठी असेल तर चिरून ठेवावी लागते. बरणीत घोटभर फॉर्मॅलिन घालून ती दोन दिवस एसटीने प्रवास करत आली, तर पेशी सडू लागतात आणि मायटोसिस ओळखण्याजोगे उरत नाहीत. तिथे जगातला उत्तम पॅथॉलॉजिस्टही ग्रेड नीट देऊ शकणार नाही. ही जबाबदारी ऑपरेशन थिएटरची आहे.

आपल्याकडे काय आहे? परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात रोज बाहेरगावचे रुग्ण आपल्या काचा आणि मेणाचे ब्लॉक घेऊन येतात आणि तिथले पॅथॉलॉजिस्ट ते पुन्हा तपासतात. ही नजर जुळवण्याचीच एक व्यवस्था आहे, फक्त तिचा भार रुग्णाच्या नातेवाइकांच्या खांद्यावर पडतो. २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड उभे राहिले. आज देशातली तीनशेहून अधिक केंद्रे त्यात आहेत. एवढे मोठे जाळे हाताशी असताना नेदरलँड्ससारखे काम आपल्याला अशक्य नाही. स्कॅनर महाग आहे हे खरे, पण शिकणाऱ्याला स्कॅनर लागत नाही. स्लाइड्स एका ठिकाणी स्कॅन होतात. सांगली, परभणी, गडचिरोलीच्या पॅथॉलॉजिस्टला बरा पडदा आणि इंटरनेट पुरते.

माझ्या मागण्या साध्या आहेत. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. पॅथॉलॉजिस्टांच्या बाबतीत त्यातले काही अशा चाचणी-सराव-चाचणीच्या ऑनलाइन पाठासाठीच राखून ठेवावेत. हॉटेलातल्या परिषदेला हजेरी लावून ते मिळू नयेत. चाचणीचा निकाल ज्याचा त्यालाच कळावा, नाहीतर लोक शिकण्याऐवजी लपवू लागतील. प्रत्येक प्रयोगशाळेने दरवर्षी आपल्या ग्रेड १, २, ३ चे प्रमाण मोजावे. त्याला वहीशिवाय काही लागत नाही. सहा महिन्यांनी नव्या स्लाइड्सवर पुन्हा चाचणी व्हावी. वैद्यकीय महाविद्यालयांनी एमडीच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून हे लावून द्यावे. शिकवणाऱ्यांनीही तीच चाचणी द्यावी आणि विद्यार्थ्यांना ते दिसावे.

जे डॉक्टर नाहीत त्यांना एवढेच सांगतो. तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला, तर त्यात ग्रेड लिहिली आहे का ते पाहा, नसेल तर विचारा. ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घेता येतात. त्या घ्या आणि उन्हापासून, उकाड्यापासून जपून ठेवा. मोठी शस्त्रक्रिया किंवा लांबचा उपचार ठरणार असेल, तर त्याआधी स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायची का, असा प्रश्न आपल्या डॉक्टरांना निःसंकोच करा. तो अविश्वास ठरत नाही. चांगला पॅथॉलॉजिस्ट अवघड स्लाइड स्वतःहून दुसऱ्याला दाखवतोच.